मुक्कामाच्या ठिकाणचं विकतचं वायफाय: घ्यावं की टाळावं?

पायवाट
हॉटेल असो वा तंबू-कॅराव्हॅनचं कॅम्पग्राउंड, वायफायचे तीन प्रकार दिसतात. सगळं फुकट, साधं फुकट आणि वेगवान विकत, किंवा पहिल्या मिनिटापासून विकत, तेही डिव्हाइसमागे वेगळे पैसे. धागा शेवटच्या दोन प्रकारांसाठी.

प्रश्न नेमका असा: चौघांचं कुटुंब, मुक्काम ३ ते ७ रात्री, दोन फोन, दोन लॅपटॉप, एक टॅब. दिवसाला तासभर व्हिडिओ कॉल, बाकी नकाशे, मेल, फोटो. अशा वेळी विकत घ्यावं का? घेण्याआधी काय विचारावं? आणि पर्याय कोणते?

"फोनचा हॉटस्पॉट लावा" हे माहीत आहे. रेंज असेल तर प्रश्नच मिटला. नसेल तेव्हाचं बोलू.

माझं मत आधीच सांगते: पाटीवरचा वेग बघून पैसे देण्यात अर्थ नाही. अटी बघून द्यावेत.

उंटावरचा
वायफाय नसलेल्या जागी मुक्काम करा. पैसेही वाचतील आणि घरचे एकमेकांची तोंडंही बघतील.

खोली_४०४
उंटभाऊ, हा प्रतिसाद कबुतराकरवी पाठवलात का?

अँटेना
पायवाट, अटींबद्दल पूर्ण सहमत. सगळ्यात जास्त पैसे घड्याळापायी वाया जातात. "२४ तास" या दोन शब्दांचे निदान चार अर्थ निघतात. पहिल्या लॉगिनपासून सलग २४ तास, त्या तारखेच्या रात्री १२ पर्यंत, चेक-आउटच्या वेळेपर्यंत, किंवा प्रत्यक्ष जोडलेला वेळ मोजून, लॉगआउट केलं की घड्याळ थांबेल असे. रात्री ११ ला पोचून "एक दिवस" घेतला आणि हिशोब तारखेवर असेल तर तासाभरात संपला. काउंटरवर थेट विचारावं: आत्ता सुरू केलं तर बंद किती वाजता होणार?

लॉगिनचा वेळ मोजणारी योजना असेल तर लॅपटॉपचं झाकण मिटल्यानं लॉगआउट होतंच असं नाही. पोर्टलवरचं, म्हणजे वायफायच्या लॉगिन-पानावरचं, लॉगआउटचं बटण दाबावं लागतं आणि ते पान नंतर सापडत नाही, म्हणून लॉगिन झाल्याबरोबर त्याची खूण ठेवा.

दुसरं, डिव्हाइसची मर्यादा "एकूण" आहे की "एका वेळी". एका वेळी दोन म्हणजे पाचही उपकरणं आलटून पालटून चालतील. एकूण दोन म्हणजे पहिली दोन जी जोडली तीच, बाकीच्यांना रामराम.

तिसरं, वेग प्रत्येकी आहे की खोलीला मिळून, आणि अपलोड वेगळा किती. व्हिडिओ कॉल बहुतेक वेळा अपलोडवर अडतो. जाहिरातीत मात्र डाउनलोडचाच आकडा असतो.

हॉटेलात एक गोष्ट जरूर तपासा. मोठ्या साखळ्यांच्या फुकट सदस्यत्वात साधं वायफाय बऱ्याचदा मिळतं, पण बुकिंग त्यांच्याकडे थेट केलेलं असावं अशी अट असू शकते. आणि बिलात "सुविधा शुल्क" किंवा "रिसॉर्ट शुल्क" लावलं असेल तर त्यात इंटरनेट धरलंय का ते बघा. त्याच गोष्टीचे दोनदा पैसे घेणारी बिलं असतात.

गणकयंत्र
विकत घेण्याआधी गरज मोजा. लक्षात ठेवायला सोपं सूत्र: १ एमबीपीएस (सेकंदाला एक मेगाबिट) तासभर सलग चाललं की ०.४५ जीबी.

त्यावरून एचडी व्हिडिओ ५ एमबीपीएसनं बघितला तर तासाला २.२५ जीबी. व्हिडिओ कॉल येताना १.५ आणि जाताना १.५ एमबीपीएस धरला तर तासाला १.३५ जीबी. नुसता आवाजाचा कॉल दोन्ही बाजूंचे प्रत्येकी १०० केबीपीएस धरून तासाला ९० एमबी. नकाशे आणि मेल यांची या हिशोबात दखलही घ्यायला नको.

खरा खादाड म्हणजे फोटोंचा आपोआप बॅकअप. १० जीबी फोटो-व्हिडिओ २ एमबीपीएस अपलोडवर चढवायला ४०,००० सेकंद, म्हणजे ११ तासांहून जास्त. तेवढा वेळ अपलोड भरलेला राहणार आणि त्याच लाइनवरचा कॉल अडखळणार. विंडोजमध्ये त्या नेटवर्कला "मीटर्ड कनेक्शन" करा, आयफोनमध्ये "लो डेटा मोड", अँड्रॉइडवर त्या वायफायच्या सेटिंगमध्ये "मीटर्ड". अपडेट आणि बॅकअप बरेचसे थांबतात. बरेचसे, सगळे नाही. क्लाउड फोल्डरचं सिंक हातानं बंद करा.

पायवाट यांच्या यादीला अपलोडसकट स्थिर ३-४ एमबीपीएस पुरेसे आहेत. ५० ची योजना घेऊन काही साधणार नाही.

खोली_४०४
स्थिर ३-४! हा सगळ्यात महागडा शब्द आहे, आणि दरपत्रकात तो नसतो.

जुनी_वायर
४०४ थट्टेत बोललात पण मुद्दा तोच आहे. हॉटेल आणि कॅम्पग्राउंड यांची दुखणी वेगळी आहेत, एका मापानं मोजू नका.

हॉटेलात दर मजल्यावर अ‍ॅक्सेस पॉइंट (वायफाय सोडणारे डबे) असतात, खाली जाड लाइन असते. तिथे "वेगवान" योजना म्हणजे बहुतेकदा त्याच लाइनवर तुमच्या नावापुढची मर्यादा २ वरून २० एमबीपीएसला नेणं. पैसे दिल्यावर फरक खरोखर दिसू शकतो.

कॅम्पग्राउंडवर मध्ये झाडं येतात. पानांमधलं पाणी लहरी शोषतं, ५ गिगाहर्ट्झ तर पहिल्या दोन-चार झाडांतच दमतं. तुम्ही बसलेले असता अ‍ॅल्युमिनियमच्या पेटीत, म्हणजे कॅराव्हॅनमध्ये. त्यातून वायफायचे लांबचे खांब वायरनं न जोडता रिपीटरनं जोडलेले असतात. एकच रेडिओ असलेला रिपीटर ऐकतो आणि तेच पुन्हा बोलतो, म्हणून प्रत्येक टप्प्याला वेग साधारण निम्मा. दोन टप्प्यांपलीकडे चतुर्थांश. २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांना न अडवणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. शेजारच्या प्रत्येक गाडीत स्वतःचा राउटर त्याच तीन चॅनेलवर ओरडत असतो.

जागा घेताना खांब कुठे आहेत ते विचारा, आणि मुख्य म्हणजे कोणत्या खांबापर्यंत वायर गेली आहे ते. फोनवर वायफाय अ‍ॅनालायझर लावून सिग्नल बघा. उणे ६५ डीबीएम (सिग्नलचं माप, शून्याच्या जितकं जवळ तितकं चांगलं) किंवा त्याहून बरा असेल तर उत्तम, उणे ७५ म्हणजे मेलपुरतं, उणे ८० च्या खाली असेल तर एक पैसाही देऊ नका.

झुळूक
पण पूर्ण कांड्या दिसत असूनही नेट मेलेलं असतं, ते का?

जुनी_वायर
कांड्या फक्त तुमच्यापासून खांबापर्यंतचं सांगतात. खांबापुढे जी एक लाइन बाहेर जाते ती भरली असेल तर कांड्यांचा उपयोग नाही. ओळखायची सोपी रीत: वायफायच्या तपशिलात "गेटवे" किंवा "राउटर" म्हणून जो पत्ता दिसतो त्याला पिंग करा, म्हणजे छोटा संदेश पाठवून उत्तराला किती वेळ लागतो ते बघा, मग बाहेरच्या एखाद्या पत्त्याला, उदाहरणार्थ ८.८.८.८ ला.

गेटवे ५-१० मिलिसेकंदांत उत्तर देतोय आणि बाहेरचा ४०० घेतोय, तर लाइन तुंबली आहे. जागा बदलून, अँटेना लावून काही होणार नाही. गेटवेच कधी १०, कधी ३०० आणि मधूनच गायब, तर दोष हवेतला आहे. तिथे जागा बदलणं किंवा अँटेना बाहेर काढणं कामाला येतं. काही ठिकाणी गेटवे पिंगला मुद्दाम उत्तर देत नाही किंवा पोर्टल ओलांडल्याशिवाय बाहेरचं पिंग जात नाही, तेव्हा हा निकाल लावता येत नाही.

चाचणी दुपारी करू नका, दुपारी सगळे फिरायला गेलेले असतात. रात्री ८ ते १० मधला आकडा खरा.

मोफतवादी
मूळ मुद्द्यावर येतो. पाणी आणि वीज भाड्यात येते, मग इंटरनेट वेगळं का? एकदा राउटर बसवला की त्यांना खर्च कसला? हा निव्वळ नफा आहे.

रॅकवाला
मोफतवादी, असहमत. एकदा बसवून संपत नाही. गावाबाहेरच्या जागेला फायबर नसतं, रेडिओ लिंक किंवा सॅटेलाइट असतं, त्याचं मासिक भाडं. बाहेर उन्हापावसात राहणारी उपकरणं, विजेच्या कडकडाटात जळणारे पोर्ट, जमिनीखालची वायर कुरतडणारे उंदीर. वर फुकट ठेवलं की तीन-चार जण रात्रभर व्हिडिओ उतरवतात आणि बाकीच्यांचं साधं पान उघडत नाही. किंमत लावणं हा गर्दी आवरायचा ढोबळ उपाय आहे. माणशी वेगाची मर्यादा हा त्याहून चांगला, पण त्याला बरं उपकरण आणि ते जाणणारा माणूस लागतो.

आणखी एक कारण लोकांना दिसत नाही. बऱ्याच छोट्या नेटवर्कांत मिळून २५४ च आयपी पत्ते असतात, उपकरणामागे एक. शंभर जागा आणि प्रत्येकी चार उपकरणं म्हटली की पत्ते संध्याकाळीच संपतात. तुमच्या फोनला १६९.२५४ नं सुरू होणारा पत्ता दिसला तर ओळखा: पत्ता मिळालाच नाही, पासवर्ड पुन्हा पुन्हा टाकून काही व्हायचं नाही. काउंटरवर सांगा, "डीएचसीपी पूल संपलाय, लीजची वेळ कमी करा." पूल म्हणजे वाटायच्या पत्त्यांचा साठा, लीज म्हणजे एक पत्ता एका उपकरणाकडे राहायची मुदत. २४ तासांची लीज एक-दोन तासांवर आणली तरी गेलेल्या पाहुण्यांचे पत्ते मोकळे होतात.

मोफतवादी
उंदरांचा खर्च मान्य. पण मग डिव्हाइसमागे पैसे का? लाइन तीच आहे. वेगावर किंवा जीबीवर घ्या.

रॅकवाला
इथे मात्र तुमच्याशी सहमत. डिव्हाइसवर मोजणं त्यांना सोपं पडतं इतकंच.

कुतूहल
पैसे भरलेले असताना दुसऱ्या सकाळी पोर्टल पुन्हा पैसे का मागतं? मुदत संपलेली नसली तरी?

अँटेना
कारण पोर्टल तुम्हाला नावानं ओळखत नाही, उपकरणाच्या मॅक अ‍ॅड्रेसनं, म्हणजे त्याच्या वायफाय चिपच्या ओळखक्रमांकानं, ओळखतं. हल्लीचे फोन हा पत्ता खरा देत नाहीत. अँड्रॉइड १० पासून आणि आयओएस १४ पासून प्रत्येक नेटवर्कला वेगळा, बनावट पत्ता दिला जातो. आयओएस १८ मध्ये "खासगी वायफाय पत्ता" या सेटिंगला तीन पर्याय आहेत: बंद, स्थिर आणि फिरता. पासवर्ड नसलेल्या उघड्या नेटवर्कवर "फिरता" आपोआप निवडला जातो, आणि पत्ता मध्येच बदलू शकतो. विंडोज ११ मध्येही रोज बदलणारा पर्याय आहे, पण तो मुद्दाम चालू केला तरच.

तर पैसे भरण्याआधी त्या नेटवर्कपुरता पत्ता "स्थिर" करा. नंतर केलंत तर पत्ता बदलेल आणि भरलेले पैसे जुन्या पत्त्याच्या नावावर राहतील. मुदत संपेपर्यंत "हे नेटवर्क विसरा" दाबू नका.

कॅम्पग्राउंडवरचा खास फास असा की प्रत्येक खांबाला वेगळं नाव असतं, उत्तर-१, उत्तर-२ वगैरे. नाव वेगळं म्हणजे फोनच्या लेखी नेटवर्क वेगळं, म्हणून बनावट पत्ताही वेगळा. आंघोळीला त्या टोकाला गेलात की पुन्हा पैसे मागणार. अशा ठिकाणी खासगी पत्ता सरळ बंद करा, सगळीकडे खरा पत्ता जाईल.

पावतीवरचा कोड किंवा व्हाउचर क्रमांक मात्र जपा. बऱ्याच पोर्टलांवर "आधीच पैसे भरले आहेत" अशी बारीक अक्षरांतली ओळ असते, तिथे तो चालतो.

खोली_४०४
आंघोळीला फोन नेणाऱ्यांकडून दुप्पट पैसे घेतले तरी माझी हरकत नाही.

डबा_राउटर
पाच उपकरणांसाठी पाच वेळा पैसे देण्याऐवजी प्रवासी राउटर वापरा. हाताच्या पंजाएवढा असतो, यूएसबी चार्जरवर चालतो. हॉटेलच्या नेटवर्कला तो एकच उपकरण म्हणून दिसतो, आणि तुमची पाचही उपकरणं त्याला जोडलेली राहतात.

क्रम महत्त्वाचा आहे. राउटरवरचं व्हीपीएन (सगळा डेटा कूटबद्ध करून दुसरीकडून नेणारी सोय) आधी बंद. "डीएनएस रीबाइंडिंग प्रोटेक्शन" (डीएनएस म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधणारी सेवा) असेल तर तेही बंद, कारण पोर्टलचा पत्ता आतल्या नेटवर्कमधला असतो आणि हे संरक्षण नेमका तोच अडवतं. स्वतःचा डीएनएस घातला असेल तर "आपोआप" वर आणा. मग राउटर रिपीटर मोडवर टाकून हॉटेलचं नेटवर्क निवडा. आता फोन राउटरला जोडा, फोनचा मोबाइल डेटा बंद करा आणि ब्राउझर उघडा. पोर्टल येईल, एकदाच पैसे भरा. नेट सुरू झाल्यावर व्हीपीएन आणि बाकीचं परत चालू.

पोर्टल आलंच नाही तर बहुतेकदा दोन कारणं. एक, तुमच्या राउटरची आणि हॉटेलची पत्त्यांची मालिका तीच आहे, दोन्हीकडे १९२.१६८.८ वगैरे. राउटरचा स्वतःचा पत्ता बदलून १९२.१६८.७७.१ असा काहीतरी करा. दुसरं, पोर्टल राउटरला दाद देत नाही. मग फोन थेट हॉटेलच्या वायफायला जोडून पैसे भरा, फोनचा त्या नेटवर्कवरचा मॅक पत्ता राउटरमध्ये "मॅक क्लोन" मध्ये घाला, फोनवर ते नेटवर्क आपोआप जोडणं बंद करा आणि मग राउटर जोडा. एकच पत्ता दोघांनी एकाच वेळी वापरला तर दोघंही लटकतात.

खोलीच्या भिंतीत इथरनेटचं भोक असेल तर आधी त्यात वायर घालून बघा. काही ठिकाणी ते मेलेलं असतं, काही ठिकाणी वायफायपेक्षा कितीतरी स्थिर.

नियमावली
डबा_राउटर, माहिती उत्तम, पण डिव्हाइसमागे पैसे घेणाऱ्या ठिकाणी हे अटींत बसतं का? काही पोर्टलांच्या नियमांत "जोडणी पुढे वाटू नये" असं स्पष्ट लिहिलेलं असतं.

डबा_राउटर
लिहिलेलं असेल तर करू नये. विचारलं तर बरेच जण खोलीला एक राउटर चालू देतात. मनाई असेल तिथेही एक लॅपटॉप विकतवर आणि बाकी सगळं फुकटच्या साध्यावर हा मार्ग उरतोच.

मोफतवादी
एका लाइनीचे पाचदा पैसे मागणाऱ्यांच्या नियमांचं इतकं कौतुक कशाला?

नियमावली
कौतुक नाही. मध्येच जोडणी तोडली तर पैसे परत मागायला जागा उरत नाही, एवढंच.

दवंडी
अवांतर, पण जवळचं. पाहुण्यांचा स्वतःचा हॉटस्पॉट पाडून आपलं वायफाय विकण्याचा प्रकार अमेरिकेत झाला आहे. नॅशव्हिलच्या गेलॉर्ड ऑप्रीलँड या मॅरियटच्या हॉटेलात परिषदेच्या भागात लोकांचे हॉटस्पॉट तोडले जात होते आणि हॉटेलचं वायफाय प्रदर्शकांना उपकरणामागे १,००० डॉलरपर्यंत विकलं जात होतं. तिथल्या संचार आयोगाच्या, म्हणजे एफसीसीच्या, चौकशीनंतर ऑक्टोबर २०१४ मध्ये मॅरियटनं ६ लाख डॉलर दंड भरायचं कबूल केलं. जानेवारी २०१५ मध्ये आयोगानं सगळ्यांनाच ताकीद दिली की असं अडवणं बेकायदा आहे.

तंत्र साधं होतं: "जोडणी तोडा" असा खोटा संदेश हवेत पाठवायचा. डब्ल्यूपीए३ या वायफायच्या नव्या सुरक्षा-पद्धतीत अशा संदेशांना संरक्षण सक्तीचं आहे, म्हणून फोनच्या हॉटस्पॉटमध्ये तो पर्याय असेल तर तोच ठेवा. यूएसबी वायरनं हॉटस्पॉट दिला तर हवेतला प्रश्नच येत नाही.

उंटावरचा
दवंडीराव, हे वाचून माझ्या पहिल्या प्रतिसादाला बळ आलं.

कुतूहल
पोर्टलच उघडत नाही आणि फोन नुसता "इंटरनेट नाही" म्हणतो तेव्हा काय करायचं?

अँटेना
पोर्टल तुमची पहिली विनंती मध्येच पकडून स्वतःचं पान दाखवतं. पत्ता एचटीटीपीएसचा, म्हणजे सुरक्षित जोडणीचा, असेल तर ब्राउझर ही ढवळाढवळ ओळखतो आणि पान दाखवतच नाही. म्हणून साधं एचटीटीपीचं पान उघडा; नेव्हरएसएसएल डॉट कॉम नेमकं याच कामासाठी आहे. अँड्रॉइडवर "प्रायव्हेट डीएनएस" ला ठरावीक पुरवठादार दिला असेल तर पोर्टल अडकतं, तात्पुरतं "आपोआप" करा. जाहिराती अडवणारी अ‍ॅप आणि व्हीपीएन बंद. एवढ्यानं नाही झालं तर गेटवेचा पत्ता ब्राउझरमध्ये थेट टाका.

कुलूपकिल्ली
पैसे भरण्याच्या पानाबद्दल कुणी बोललं नाही. उघड्या वायफायच्या नावाची नक्कल कुणीही करू शकतो. काउंटरवरच्या कागदावरचं नाव अक्षरन् अक्षर ताडून बघा. कार्डाचा तपशील मागणाऱ्या पानाचा पत्ता एचटीटीपीएसचा आहे का आणि डोमेन ओळखीचं आहे का ते बघा. ब्राउझरनं प्रमाणपत्राबद्दल इशारा दिला तर तिथेच थांबा, "पुढे जा" दाबू नका. काउंटरवर पैसे देऊन छापील व्हाउचर मिळत असेल तर सगळ्यात उत्तम. कार्डाचा प्रश्नच नाही, आणि "आपोआप नूतनीकरण" ची आधीच खूण केलेली चौकटही टळते.

आणखी एक अडचण अशी की बँकेचा ओटीपी अ‍ॅपमध्ये येत असेल तर तो नेटशिवाय दिसत नाही, आणि नेटसाठीच तर पैसे भरायचे असतात. पोचण्याआधी ओटीपी एसएमएसवर येईल अशी सोय करा, निदान परदेशात तरी रोमिंगवर एसएमएस चालू ठेवा.

आकाशवाट
पर्यायांकडे. परदेशी प्रवासात ई-सिम (फोनमध्ये उतरवून घ्यायचं सिम) सगळ्यात सुटसुटीत, पण तीन गोष्टी आधी बघा. फोन कंपनीच्या बंधनातून मोकळा हवा; बसवताना नेट लागतं, म्हणून घरूनच बसवून ठेवा आणि पोचल्यावर चालू करा; योजनेत हॉटस्पॉट चालतो की नाही ते वाचा. क्यूआर कोड बहुधा एकदाच चालतो. बसवलेलं पुसून टाकलं की संपलं. काही ई-सिमांचा डेटा तिसऱ्याच देशातून फिरून येतो, त्यामुळे पिंग वाढतो आणि संकेतस्थळं तुम्हाला भलत्या देशातले समजतात. युरोपियन युनियनमधल्याच एखाद्या देशाचं सिम असेल तर जून २०१७ पासून इतर सदस्य देशांत घरच्याच दरानं चालतं, उचित वापराच्या मर्यादेत.

रेंजच नसलेल्या कॅम्पसाठी स्टारलिंक, म्हणजे सॅटेलाइटवरून इंटरनेट घेणारी अँटेना. दाट झाडीत नको, कारण तिला आकाशाचा मोठा मोकळा पट्टा लागतो, एका फांदीनंही दर थोड्या वेळानं कॉल तुटतो. जागा ठरवण्याआधी अ‍ॅपमधून कॅमेऱ्यानं अडथळे तपासता येतात. मिनी अँटेना सरासरी २५ ते ४० वॅट घेते. १२ व्होल्ट १०० अँपिअर-तासाची बॅटरी म्हणजे कागदावर १,२०० वॅट-तास. लेड-अ‍ॅसिड असेल तर निम्मीच वापरावी. ३० वॅटनं साधारण २० तास. दिवसाला दहा तासच चालवली तर दोन दिवस.

झुळूक
सगळं छान, पण पायवाटताईंच्या चौघांचं काय? घ्यावं की नाही ते कुणी सांगितलंच नाही.

गणकयंत्र
सांगतो. हॉटेल असेल तर पहिल्या रात्री फुकटचं साधं वायफाय रात्री ९ ला तपासा. अपलोड २ च्या वर आणि पिंग स्थिर असेल तर एक पैसाही देऊ नका. नसेल तर एका उपकरणाची वेगवान योजना एकाच दिवसाची घ्या, परवानगी असेल तर राउटरवर. पूर्ण आठवड्याचं पॅकेज पहिल्या दिवशी कधीच नको, ते स्वस्त दिसलं तरी.

कॅम्पग्राउंड असेल तर आधी जुनी_वायर यांची पिंगची चाचणी. लाइन तुंबलेली असेल तर वेगवान योजनाही त्याच लाइनवर आहे. तिथे कॉलची वेळ सकाळी ७ ला हलवणं विकतच्या योजनेपेक्षा जास्त उपयोगी.

पायवाट
धन्यवाद, हेच हवं होतं. एक राहिलं: विकत घेतल्यावर वेग मिळालाच नाही तर पैसे परत मिळतात का?

रॅकवाला
मागितले तर बऱ्याचदा मिळतात, पण पुरावा नीट हवा. "नेट चालत नाही" म्हटलं की राउटर बंद-चालू करून देतात. त्याऐवजी वेगाच्या चाचणीचे दोन-तीन स्क्रीनशॉट घ्या, वेळ दिसेल असे, आणि शक्य असेल तर खांबाजवळ उभं राहून. नाहीतर "तुमची जागा लांब आहे" हे उत्तर तयारच असतं. सोबत व्हाउचर क्रमांक आणि मॅक पत्ता द्या. त्यावरून त्यांना त्यांच्याकडच्या नोंदीत तुम्ही प्रत्यक्ष किती डेटा वापरला ते दिसतं. ४० एमबी वापरलेल्या माणसाशी कुणी फार वाद घालत नाही. आणि हे त्याच दिवशी करा, चेक-आउटच्या रांगेत नको. पोर्टल बाहेरची कंपनी चालवत असेल तर काउंटरवरचा माणूस पैसे परत करूच शकत नाही. पावतीवर मदतीचा क्रमांक कुणाचा आहे ते आधी बघा.